ओठांत नसलेल्या टाचण्या

त्या डॉक्टरच्या खोलीत वजनकाटा होता. नव्हता असं कुणी म्हणू नये. दाराशेजारच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून चांगला दणकट काटा होता, आणि त्यावर औषध कंपन्यांची कॅलेंडरं, जुन्या फायली आणि वाळून काड्या झालेल्या रोपाची एक कुंडी अशी रास होती. शिंपीणबाईनं अकरा महिन्यांत सहा वेळा ती रास पाहिली. सहाही वेळा तिला वाटलं, खाली स्टूल असेल.

तिच्या दुकानात असलं चालत नव्हतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, कापायचं टेबल, आरसा, बटणांचा पत्र्याचा डबा आणि खिळ्याला दोरीनं टांगलेली मापवही. माप घेतल्याशिवाय ती कापडाला कात्री लावत नसे. जुनी गिऱ्हाइकं वैतागायची. "अहो, मागचंच माप धरा की!" ती म्हणायची, "मागचं माप मागच्या माणसाचं. तुम्ही आज आलाय." आणि टेप टाकायचीच.

शाळेच्या हजेरीत मुलीचं नाव काहीही असो, घरीदारी ती टाचणी. बारीक, टोकदार आणि वेळप्रसंगी बोचणारी. लहानपणापासून रागाची. राग आला की भिंतीवर डोकं आपटायची, समोर येईल त्याच्या हाताचा चावा घ्यायची आणि मग तासभर चिंध्यांच्या ढिगात तोंड खुपसून पडायची. आईबापाला त्या रागाची भीती वाटायची. हे लपवण्यात काही अर्थ नाही. बाप गाड्यांच्या काचा बसवायचा. दिवसभर काच सांभाळून सांभाळून त्याचा स्वभावच तसा झाला होता, घरातही तो पोरीभोवती पाय न वाजवता फिरायचा.

तेराव्या वर्षी टाचणीनं वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीच्या तोंडावर कंपासपेटी फेकून मारली. त्या मुलीची भुवई फुटली, तीन टाके पडले. शाळेच्या मोठ्या बाईंनी आईबापाला समोर उभं केलं.

"औषधपाणी करा आणि डॉक्टरचा कागद आणा, मगच वर्गात बसवीन. नाहीतर घरी ठेवा. मला बाकीच्या चाळीस पोरी आहेत."

"का मारलं, ते विचारलंत का तिला?" शिंपीणबाईनं विचारलं.

"का मारलं म्हणजे? मारायला कारण लागतं का हिला?"

यावर आईची मान खाली गेली, कारण कितीतरी वेळा तिनंही हेच म्हटलं होतं.

डॉक्टरनं सात मिनिटं दिली. झोप कशी, हट्ट करते का, आधी कुणाला मारलंय का, सगळे प्रश्न आईला. टाचणी स्वतःच्या बुटांकडे बघत बसली होती. तिच्या वाट्याला एकच प्रश्न आला, "कितवीत आहेस?" आणि तिनं तोंड उघडेपर्यंत चिठ्ठी लिहून झाली होती. जेवणानंतर अर्धी गोळी.

पहिले पंधरा दिवस घरात सण असल्यासारखं वाटलं. चावा नाही, किंकाळी नाही. मोठ्या बाईंनी निरोप धाडला, "बघा, किती गुणी झाली!" काचवाला म्हणाला, "अगं, आधीच न्यायला हवं होतं." पुढं अर्धीची एक झाली, एकीची दोन झाल्या. दर वेळी डॉक्टर वहीतून डोकं वर न काढता विचारायचा, "शांत आहे ना? शाळेची तक्रार नाही ना? मग चालू ठेवा."

शांत होती. दगडही शांत असतो. सकाळी हाक मारली की टाचणी पाण्याखालून ऐकल्यासारखी वळायची. चित्रं काढायची ती थांबली. भांडायची ती थांबली. खायची मात्र थांबेना. जेवून उठली की दहा मिनिटांत डबे उघडल्याचा आवाज, आणि मागोमाग तिचाच रडवेला आवाज, "आई, मला भूक लागत नाही गं, मला भूक चावते."

शाळेचा फ्रॉक शिवताना शिंपीणबाई शिवणीत सढळ माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवायची, वाढत्या अंगाची पोर म्हणून. दोन वर्षं पुरावी इतकी माया चार महिन्यांत संपली. मग काखेपासून खालपर्यंत पट्टी जोडली. मग दुसरी पट्टी. मापवहीत टाचणीचं पान होतं आणि त्यावर तारखेनिशी कंबर लिहिलेली होती. साडेबावीस. चोवीस. सव्वासव्वीस. अठ्ठावीस. अकराव्या महिन्यात तीस. वर्गातल्या पोरींनी टाचणीचं नाव बदलून सुई-दोऱ्याच्या दुकानातलं सगळ्यात जाडजूड काय असतं ते ठेवलं. रीळ.

आणि नवव्या महिन्यात तोंडाचं सुरू झालं.

आता ते आईला कसं दिसलं, ते नीट सांगायला हवं. शिंपीणबाई काम करताना तोंडात टाचण्या धरायची. चार-पाच टाचण्या ओठांत, एकेक काढायची, कापडाला लावायची. तीन-चार वर्षांची असताना टाचणी मशीनखाली बसून तिच्याकडे बघत राहायची. खऱ्या टाचण्या मिळणार नाहीत म्हटल्यावर तिनं रिकामेच ओठ आवळून धरायला सुरुवात केली. आई तळहात पुढं करायची, "दे." पोर ओठांतून नसलेली टाचणी काढून तळहातावर ठेवायची. आई ती कापडाला लावायची. गिऱ्हाइकं हसून बेजार व्हायची.

म्हणून नवव्या महिन्यात, ब्लाउजची बाही शिवताना शिंपीणबाईनं वर पाहिलं आणि स्टुलावर बसलेल्या टाचणीचे ओठ पुढं येऊन आवळले, सुटले, पुन्हा आवळले, तेव्हा तिच्या छातीत धस्स झालं नाही. उलट डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या महिन्यांनी पोर काहीतरी खेळत होती.

तिनं तळहात पुढं केला. "दे."

टाचणीनं क्षणभर तिच्याकडं पाहिलं आणि ओठांतून काहीच नसलेलं काहीतरी काढून आईच्या हातावर ठेवलं.

हे दोन महिने चाललं. गिऱ्हाइकांना ती कौतुकानं सांगायची. काचवाल्याला सांगितलं. डॉक्टरलासुद्धा हसत हसत सांगितलं, "माझी नक्कल करते हो, तोंडात टाचण्या धरल्यासारखी!" डॉक्टरनं मान डोलावली आणि काहीतरी लिहिलं.

मग एका दुपारी, दुकानात कुणी नसताना, तिनं हात पुढं केला आणि टाचणीनं काही दिलं नाही.

"दे की गं."

"आई, टाचण्या नाहीत."

"माहितीये, नसतातच. खोट्या दे."

"खोट्यापण नाहीत." टाचणीचे ओठ बोलता बोलता आवळले, जीभ गालाला आतून ढुशी देऊन गेली. "मी खेळत नाहीये. हे आपोआप होतं. थांबवायला गेले तर जास्त होतं."

मशीनचं चाक फिरायचं थांबलं.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग मला इतके दिवस देत काय होतीस तू?"

टाचणी जमिनीकडे बघून म्हणाली, "तू हसत होतीस. पुष्कळ दिवसांनी."

शिंपीणबाईनं तोंडातल्या चार टाचण्या तळहातावर थुंकल्या. त्यांतली एक बोटात घुसली, ते तिला संध्याकाळी कळलं.

ती तशीच उठून औषधाच्या दुकानात गेली. आजवर दुकानदार गोळ्यांच्या पट्ट्या कापून द्यायचा, खोकं त्याच्याकडेच राहायचं. "खोक्यात कागद असतो ना? तो द्या."

"ताई, तो कुणी वाचत नाही."

"मी वाचते. द्या."

घडीवर घडी घातलेला तो कागद उघडला तर काउंटरभर झाला. अक्षरं मुंगीएवढी आणि परक्या भाषेतली. दुकानदारानं चष्मा पुसला आणि बोट ठेवून ठेवून सांगत गेला. भूक वाढते. वजन आणि कंबर वेळोवेळी मोजा. रक्तातली साखर तपासत राहा. मग त्याचं बोट एका ओळीवर थांबलं आणि आवाज खाली आला. "तोंडाच्या, ओठांच्या, जिभेच्या आपोआप होणाऱ्या हालचाली. दिसल्या तर ताबडतोब डॉक्टरांना कळवा. वेळेवर लक्ष दिलं नाही, तर कायमच्या राहू शकतात."

"कायमच्या?"

"राहू शकतात, असं आहे. राहतीलच असं नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिशवीतल्या पट्ट्या काढून ती दारासमोरच्या गटाराकडं निघालीच होती. दुकानदार काउंटर सोडून आडवा आला. "ताई, ऐका. एकदम बंद करू नका. दोन गोळ्यांवरून शून्यावर आणलंत तर पोरगी भलत्याच त्रासात पडेल. हळूहळू उतरवायची असते, आणि ते डॉक्टरनंच करायचं."

म्हणजे ज्यानं खड्ड्यात ढकललं, त्याच्याकडेच शिडी मागायची. हा सगळ्यात मोठा संताप होता, आणि तो तिला गिळावा लागला. घरी काचवाला म्हणाला, "हात लावू नकोस गं त्या गोळीला. आत्ता कुठं घर शांत आहे. तडा गेला तर?"

"तडा गेलाय," ती म्हणाली. "तुम्ही तिच्या तोंडाकडे बघा. नुसतं एक मिनिट बघा."

काचवाला बघायला बसला. अर्ध्या मिनिटात उठून मोरीत गेला आणि नळ सोडून बराच वेळ उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या बाकावर त्यांच्या शेजारी एक बसकंडक्टर आणि त्याची सतरा वर्षांची थोरली लेक होती. शिंपीणबाई गोळीला शिव्या देत होती, तेव्हा कंडक्टर शांतपणे म्हणाला, "ताई, माझ्या लेकीला आवाज ऐकू यायचे. पलंगाखाली सुरी घेऊन बसायची. ह्याच जातीच्या गोळीनं मला ती परत दिली. मी त्या गोळीला वाईट म्हणणार नाही."

लेक हसली. "बाबा सगळ्यांना सुरीचं सांगतात. लग्न ठरलं तर पत्रिकेतसुद्धा छापतील."

"पण आमचे आधीच्या गावचे डॉक्टर," कंडक्टर म्हणाला, "दर खेपेला वजन घ्यायचे. रक्त तपासायचे. जीभ बाहेर काढ, हात पुढं कर म्हणायचे आणि मिनिटभर नुसते बघत बसायचे. मला आधी वाटायचं, म्हातारा झोपला की काय."

"मिनिटभर?"

"मिनिटभर. घड्याळ लावून."

म्हणजे एवढंच होतं. यंत्र नको, मोठं हॉस्पिटल नको. डोकं वर करून एक मिनिट बघायचं होतं, आणि अकरा महिन्यांत सहा खेपांना त्या माणसाला तेवढं जमलं नव्हतं.

नंबर आला. डॉक्टर लिहीतच होता. "शांत आहे ना? शाळेची—"

शिंपीणबाईनं मापवही त्याच्या लिहित्या हातावर ठेवली.

"हे काय?"

"माप. साडेबावीसपासून तीसपर्यंत. अकरा महिने. तारखा आहेत."

"भूक वाढते थोडी. खाण्यावर लक्ष ठेवा."

"आणि तोंड?"

डॉक्टरनं फाईल उलटली, बोट ठेवलं. "बाई, हे तर तुम्हीच मागच्या वेळी सांगितलंय. आई शिंपीण, तोंडात टाचण्या धरते, मुलगी नक्कल करते. सवय आहे. लिहिलंय बघा इथं."

तिचंच वाक्य होतं. तिचं हसू, तिचं कौतुक, त्या फाईलमध्ये कारण म्हणून चिकटवून ठेवलेलं. क्षणभर तिला वाटलं, इथंच बसकण मारून रडावं. मग जे वर आलं ते रडू नव्हतं.

"हो, मी सांगितलं. माझी चूक. मी शिंपीण आहे, मला टाचण्याच दिसणार. तुम्हाला काय दिसलं? तुम्ही तर पाहिलंच नाही! मी न मापता कुणाचं कापड कापलं तर फार तर कापड वाया जातं. तुम्ही माझ्या पोरीला न बघता कापत होतात."

"आवाज खाली ठेवा. बाहेर पेशंट आहेत."

"त्यांनाही ऐकू दे."

पोरीला त्याच्यासमोर बसवायला स्टूल घ्यावं म्हणून ती कोपऱ्यात गेली. कॅलेंडरं उचलून खिडकीत ठेवली, फायली जमिनीवर, कुंडी त्यांच्या शेजारी. खालून काटा निघाला. ती दोन क्षण बघतच राहिली. "हा काटा आहे होय? मला इतके दिवस स्टूल वाटलं." मग वळून म्हणाली, "टाचणी, ये. उभी राहा."

टाचणी उभी राहिली. अडुसष्ट किलो. डॉक्टरच्या फाईलमध्ये वजनाची चौकट पहिल्या दिवसापासून कोरी होती. ती त्यालाही आत्ता दिसली.

"आता एक मिनिट बघा तिच्याकडे. पेन खाली ठेवा. मी घड्याळ बघते."

डॉक्टरनं तिच्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, पेन ठेवलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. टाचणी मांडीवर हात ठेवून समोर बसली होती. ओठ पुढं आले, आवळले, सुटले. जिभेनं गालाला ढुशी दिली. पुन्हा ओठ. जबडा किंचित बाजूला सरकला. विसाव्या सेकंदाला डॉक्टर खुर्चीत पुढं झुकला. चाळिसाव्याला त्यानं चष्मा काढून पुन्हा लावला.

"झालं मिनिट," शिंपीणबाई म्हणाली.

तो तरी बघत होता. "जीभ बाहेर काढ बाळ," तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदा माणसासारखा आला. "बोटं अशी एकमेकांवर टेकव. त्रास होतो का?"

"बोलताना गाल चावला जातो," टाचणी म्हणाली. आणि मग, पुढचा प्रश्न विचारायची वाट न बघता, "मी तिला कंपास का मारला ते सांगू का?"

शिंपीणबाई तिच्याकडं वळली.

"ती रोज मागून मला कंपासच्या टोकानं टोचायची. टाचणीला टोचतं का बघू म्हणून. बाईंना चारदा सांगितलं. त्या म्हणाल्या, तूच काहीतरी केलं असशील. पाचव्यांदा मारलं." तिनं आईकडं पाहिलं. "राग मला येतो, आई. तसाही येतो. पण तेव्हा कारण होतं."

शिंपीणबाईनं डॉक्टरकडं पाहिलं नाही. स्वतःकडं बघता आलं असतं तर तिथंही पाहिलं नसतं. अकरा महिने गोळी, आणि हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. ती स्वतः पोरीचा फ्रॉक उसवून सैल करत होती. गोळीच्या आधी पोरीच्या पाठीवर दिसलेले बारीक लाल ठिपके तिनं घामोळं समजून पावडर लावून झाकले होते.

डॉक्टरनं नवी चिठ्ठी लिहिली. गोळी टप्प्याटप्प्यानं कमी. रक्ताच्या तपासण्या. मोठ्या दवाखान्यातल्या मुलांच्या तज्ज्ञाला दाखवायचं पत्र.

"हे जाईल का?" शिंपीणबाईनं विचारलं.

"बहुतेक जाईल. मध्ये थोडं वाढेलही. खात्री देता येत नाही." आणि टेबलाकडं बघत, "मी बघायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "हवं होतं." तिनं त्याला माफ केलं नाही. माफ करायला ती आलीच नव्हती. "आता शाळेला कागद द्या. गोळी का कमी करताय, तेही लिहा. तुमच्या सहीनं."

त्यानं लिहिलं. ते लिहिताना त्याला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. बाहेर पडताना कंडक्टरनं विचारलं, "बघितलं का?" ती म्हणाली, "बघायला लावलं. तुम्ही आत गेलात की काटा मोकळा आहे, लेकीला चढवा."

शाळेत मोठ्या बाईंनी तो कागद दोनदा वाचला. "म्हणजे ती पुन्हा कंपास फेकणार?"

"तिला पुन्हा टोचलं तर फेकेल. बाक बदला. दोन्ही पोरींचे बदला. आणि पुढच्या वेळी ती काही सांगायला आली, तर ऐका." शिंपीणबाईनं कागदावर बोट टेकवलं. "याची एक प्रत माझ्याकडे आहे. शाळेच्या संस्थेचं ऑफिस कुठल्या रस्त्यावर आहे, तेही मला माहितीये. त्यांचे पडदे मीच शिवलेत."

बाक बदलला.

त्या दिवसापासून शिंपीणबाईनं तोंडात टाचणी धरली नाही. मनगटाला बांधायची गादी शिवली आणि त्यात टाचण्या खोचू लागली. वीस वर्षांची सवय, ओठ आपसूक उघडायचे आणि ती स्वतःला दटावायची. रोज शाळा सुटल्यावर टाचणी स्टुलावर बसायची, आई घड्याळ लावून एक मिनिट बघायची आणि ओठ कितीदा आवळले ते मापवहीत लिहायची. ओठ एकतीस. चौतीस. सदतीस. वाढलं तेव्हा तिनं पुन्हा एकदा मोजून पाहिलं, पण वाढेल असं सांगितलं होतं. तेहतीस. सव्वीस. सव्वीसवर आठ दिवस अडकलं. मग चोवीस.

गोळी एकीवर आली त्या आठवड्यात एका दुपारी टाचणी मिनिट पुरं व्हायच्या आधीच ओरडली, "बास! सारखं बघतेस! आधी कुणी बघत नव्हतं, आता सगळे बघतात!" आणि तिनं अशी लाथ झाडली की बटणांचा डबा टेबलाखालून उडून भिंतीवर आदळला. हजारभर बटणं खोलीभर झाली.

काचवाला आतून धावत आला. "काय फुटलं?"

"काही नाही."

"चिडली का? अगं, मग गोळी—"

"चिडलीय," शिंपीणबाई म्हणाली. "बरोबर चिडलीय. तुम्ही झाडू नका घेऊ, बटणं हातानं वेचायची असतात."

तिघं जमिनीवर बसली. टाचणी धुमसत होती, ओठ आवळत, सोडत, पण वेचत होती. वेचता वेचता तिनं आईकडं पाहिलं. "मोजताना तूपण ओठ आवळतेस. माहितीये?"

शिंपीणबाईचा हात तोंडाशी गेला.

"दर वेळी," टाचणी म्हणाली. ती हसली नाही. पांढरी बटणं एकीकडं, काळी एकीकडं करत राहिली.

शिंपीणबाईनं वही काढली. त्या तारखेपुढं ओठांचा आकडा लिहिला नाही, मिनिट पुरं झालंच नव्हतं. तिथं लिहिलं, डबा लाथाडला. मग पुढं लिहिलं, कारण होतं.